गेममधलं चिलखत: अंगात चढेल, वाकेल आणि पटेल असं कसं घडवायचं

माझं पहिलं पूर्ण चिलखत तयार झालं तेव्हा मी ते मोठ्या ऐटीत आमच्या ॲनिमेटरला दाखवलं. छातीवर कोरलेला सिंह, खांद्यावर तीन थरांचे पत्रे, कडांवर सोनेरी वेलबुट्टी. तीन आठवडे खपलो होतो. त्याने सिंहाकडे बघितलंही नाही. पात्राचा उजवा हात धरला आणि वर नेला. खांद्यावरचा पत्रा गालातून आत शिरला आणि टाळूतून बाहेर आला. "याला डोकं खाजवायचं झालं तर?" एवढंच विचारून तो चहाला निघून गेला.

तेव्हा लक्षात आलं की मी चिलखत घडवलंच नव्हतं, चिलखताचा पुतळा घडवला होता. चिलखत हा मुळात कपडा आहे. तो कोणीतरी सकाळी अंगात चढवतो, दिवसभर वागवतो आणि रात्री सोडवतो. तो कुठून आत गेला आणि कुठे बांधला हे चित्रात दिसलं की ड्रॅगन, जादू, उडते किल्ले हे सगळं प्रेक्षक मुकाट मान्य करतो. ते दिसलं नाही तर संग्रहालयातली हुबेहूब नक्कलही खोटी वाटते. पुढच्या पायऱ्या मी आज ज्या क्रमाने काम करतो त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १: आधी माणूस आणि त्याच्यावर येणारं हत्यार ठरवा

स्केच काढण्याआधी पाच-सहा प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. हा पायी लढतो की घोड्यावर? समोरच्याच्या हातात काय आहे, तलवार, भाला, गदा की धनुष्य? याला चिलखत चढवायला मदतनीस आहे का? दिवसभर चालायचं आहे की अर्धा तास लढून परत यायचं आहे? पैसा किती?

उत्तरं बदलली की आकार आपोआप बदलतो. युरोपातल्या भालाझुंजीच्या खेळात दोन्ही घोडेस्वार एकमेकांच्या डाव्या अंगाने जात, म्हणून मार डावीकडे बसे आणि त्या बाजूचे पत्रे मोठे व जाड असत. उजव्या खांद्याच्या पत्र्याला काखेशी खाच असे, कारण तिथे भाला दाबून धरायचा असे. दोन खांदे असमान दिसणं ही कलाकाराची लहर नव्हती. जपानी सामुराईंच्या ओ-योरोई या जुन्या चिलखतात खांद्यांवर मोठे चौकोनी पंखे लटकत. धनुष्य ओढताना दोन्ही हात गुंतलेले, मग ढाल धरणार कोण? खांद्यानेच ढालीचं काम केलं. तुम्हाला मोठे खांदे हवेच असतील तर असं एखादं कारण शोधा. मिळतं.

पैसा कमी असेल तेव्हा काय आधी घेतलं जाई? शिरस्त्राण. गेममध्ये नेमकं उलटं असतं. नायकाच्या घोट्यापर्यंत पोलाद, आणि डोकं मोकळं, केस वाऱ्यावर. चेहरा दिसायला हवा ही अडचण मला मान्य आहे, पण तिची किंमत माहीत असू द्या. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरमध्ये सापडला. मृत्यूच्या वेळच्या ११ जखमांपैकी ९ कवटीवर होत्या. शिरस्त्राण गेलं असावं किंवा काढलं असावं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. अंगावर राजाचं चिलखत असूनही मरण डोक्यातून आलं. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर व्हिस्बी इथे १३६१ च्या लढाईतली सामूहिक दफनं सापडली, तिथल्या हाडांवर गुडघ्याखाली पुष्कळ वार आहेत. साध्या शिपायाचे पाय उघडे असत आणि शत्रूला ते दिसत. तुमच्या गावठी पहारेकऱ्याला काय द्यायचं आणि कुठे उघडं ठेवायचं, ते इथून ठरवा.

चेहरा दाखवायचाच असेल तर संवादाच्या प्रसंगात शिरस्त्राण काखेत धरू द्या, किंवा वर सरकणारी झडप ठेवा. एवढ्याने निम्मी तक्रार मिटते.

पायरी २: वजनाचा बागुलबुवा बाजूला ठेवा

चिलखत घातलेला माणूस पडला की कासवासारखा उलटा पडून राहतो, ही समजूत इतकी पसरली आहे की गेमचे नियमही तिच्यावरच बेतलेले असतात. पंधराव्या शतकातलं लढाईचं संपूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं असे. कड्यांचा अंगरखा १० किलोच्या आसपास. भालाझुंजीचं चिलखत याच्या दुपटीपर्यंत जाई, पण ते खेळाचं साधन होतं, ते घालून कोणी मोहिमेवर निघत नसे. बुसिको नावाने ओळखला जाणारा फ्रेंच सरदार शिरस्त्राण सोडून बाकी सगळं चिलखत घालून कोलांटी मारी, असं त्याच्या चरित्रात लिहिलेलं आहे.

म्हणजे तुमचं पात्र धावू शकतं, घोड्यावर चढू शकतं, पडून उठू शकतं. मग त्याला त्रास कशाचा होतो? दमाचा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हुबेहूब बनवलेली चिलखतं घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवलं. चालायला लागणारी ऊर्जा दुपटीहून थोडी जास्त भरली. तेवढंच ओझं पाठीवर असतं तर इतकं दमायला झालं नसतं. पायांवरचं पोलाद प्रत्येक पावलाला उचलावं आणि झुलवावं लागतं, ती मेख आहे. शिवाय छाती आवळलेली असल्याने श्वास खोल घेता येत नाही.

ॲनिमेटरला सांगताना "हा जड आहे, हळू चालव" असं सांगू नका. पहिली धाव चपळ हवी. तिसऱ्या धावेनंतर खांदे वरखाली व्हायला हवेत, पावलं जरा रुंद पडायला हवीत.

वजनाशी जोडलेली मॉडेलिंगमधली एक चूक तर मी रोज बघतो: पत्र्याची जाडी. नवा माणूस कड एक सेंटिमीटर जाड करतो, कारण तसं "मजबूत दिसतं". खऱ्या छातीपटाचा पुढचा भाग दोनेक मिलिमीटर, हातापायांवरचा पत्रा त्याहून पातळ. तरीही कड जाड दिसे, कारण ती बाहेर दुमडून, पुष्कळदा आत तार घालून, गोल वळवलेली असे. त्याने पत्रा ताठ होई, आणि घसरत आलेलं हत्याराचं टोक तिथे अडे. तुमच्या मॉडेललाही पातळ पत्रा आणि वळवलेली गोल कड द्या. वजन पटतं आणि कडेवर प्रकाशाची रेघही छान येते.

पायरी ३: अंगात चढवण्याचा क्रम लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या मते निम्मं काम हेच आहे.

चिलखत पायांकडून डोक्याकडे चढत जातं. आधी अंगासरशी बसणारा जाड शिवलेला अंगरखा, त्याला जागोजागी बांधायचे बंद. काखेत आणि कोपराच्या आत, जिथे पत्रा पोचत नाही, तिथे या अंगरख्यालाच कड्यांच्या जाळीचे तुकडे शिवलेले. मग पावलं, नडग्या, मांड्या आणि गुडघे. मांडीचा पत्रा मांडीला नुसता आवळून टिकत नाही. चालताना तो खाली घसरतो, म्हणून तो कमरेपाशी अंगरख्याला बांधून टांगतात. त्यानंतर पाठ आणि छाती, मग हात, खांदे, हातमोजे. शिरस्त्राण शेवटी.

आता तुमचं मॉडेल उघडा आणि प्रत्येक पत्र्याला एकच प्रश्न विचारा: "तू कशाला लटकलास?" उत्तर बक्कल, वादी, बंद, बिजागरी किंवा रिव्हेट (ठोकून पक्का केलेला खिळा) यांपैकी काहीतरी यायला हवं. "मांडीच्या हाडाला पेरेंट केलाय", म्हणजे जोडलाय, हे रिगचं, म्हणजे मॉडेल हलवणाऱ्या आतल्या सांगाड्याचं, उत्तर झालं. जगातलं उत्तर वेगळं हवं.

मग उलट्या क्रमाने पत्रे लपवत जा. ब्लेंडर या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. शिरस्त्राण लपवलं, खांदे लपवले, आता छातीपट निघतो का? की तो आणि पाठ मिळून एकसंध पिंप झालंय, ज्यात माणूस वितळवून ओतला असावा? बाजूला फट, बिजागरी आणि पट्टे दाखवा. नडगीचं नळकांडं पावलावरून वर सरकणार नाही, कारण पोटरी घोट्यापेक्षा जाड असते. म्हणून ते दोन अर्धांचं: बाहेरून बिजागरी, आतून बक्कल.

शिरस्त्राणाची गंमत याहून मोठी. हनुवटीखाली गळ्याला चिकटून बसणारं, एकसंध, कुठेही सांधा नसलेलं शिरस्त्राण गेममध्ये सर्रास दिसतं. डोकं आत गेलं कुठून? एकतर खालचं तोंड डोक्याएवढं रुंद ठेवा, नाहीतर गालपत्रे उघडू द्या, नाहीतर पुढचा भाग कानशिलावरच्या खिळ्यावर फिरवून वर जाऊ द्या. तो खिळा दाखवलात की बघणाऱ्याला सगळं कळतं.

पायरी ४: सांधे

कमरेपासून सुरुवात करा. छातीपट कुठे संपतो? बहुतेक जण तो नितंबांच्या हाडापर्यंत खाली आणतात. असा छातीपट घालून माणसाला ना वाकता येईल ना बसता येईल. बसायला गेला की खालची कड मांडीत रुतेल आणि वरची गळ्यात. खरा छातीपट कमरेच्या सगळ्यात अरुंद जागी, साधारण बेंबीच्या पातळीवर किंवा तिच्या किंचित वर थांबतो. त्याखाली आडव्या पट्ट्यांचा घेर, एकीखाली एक सरकणारा. ही एक सुधारणा केलीत तरी पात्राचे पाय लांब दिसायला लागतात आणि अख्खी आकृती पेलते. शरीराच्या बांध्यात काहीच न बदलता.

आता खांदा. इथे घरच्या घरी एक प्रयोग करा. जाड पुठ्ठ्याचा वीतभर रुंद तुकडा कापा, दंडावर खांद्यापासून खाली घट्ट बांधा आणि तो हात दुसऱ्या खांद्यावर ठेवायला जा. मी केलं तेव्हा पुठ्ठ्याचा कोपरा हनुवटीखाली चांगलाच टोचला. मग तोच पुठ्ठा चार पट्ट्यांत कापला, मागून कापडी चिकटपट्टीने जोडला आणि वरची पट्टी दंडाऐवजी गळ्याजवळ सदऱ्याला पिनेने अडकवली. हात विनातक्रार पलीकडे गेला. पट्ट्या एकीखाली एक सरकल्या आणि वरची जागच्या जागी तरंगत राहिली.

रिगमध्ये हेच उतरवायचं आहे. खांद्याच्या पत्र्याला दंडाच्या हाडाला बांधू नका. त्याला स्वतःचं हाड द्या, ते गळपट्टीच्या हाडाखाली ठेवा, आणि दंडाच्या फिरण्याचा काही भागच त्याच्यापर्यंत जाऊ द्या. मी निम्म्यापासून सुरुवात करतो आणि पोझ बघत कमी-जास्त करतो. खालच्या पट्ट्यांना तो भाग वाढवत न्या.

वेट पेंटिंगचा, म्हणजे मॉडेलचा कोणता भाग कोणत्या हाडाबरोबर किती हलेल हे ठरवण्याचा, एकच नियम मी कधी मोडत नाही: एक पत्रा, एक हाड, शंभर टक्के. दोन हाडांत वाटलेला पत्रा वाकताना रबरासारखा ताणला जातो आणि पोलादाची सगळी लाज जाते. ताणायचं ते खालच्या कापडाने आणि जाळीने ताणावं, तिथे वेट खुशाल मऊ ठेवा. काखेत पत्रा कोंबायचा मोह आवरा. तिथे गडद जाळी दिसली तर ती चूक वाटत नाही, उलट जाणकार खूश होतो.

नक्षीकाम सुरू करण्याआधी ओबडधोबड मॉडेलवरच पाच पोझ तपासा: दोन्ही हात डोक्यावर, हात दुसऱ्या खांद्यावर, उकिडवं बसणं, घोड्यावर बसणं, मान वळवून मागे बघणं. माझ्या यादीत सहावी आहे डोकं खाजवणं, पण ती शिरस्त्राण काढून.

पायरी ५: पृष्ठभाग वार परतवतो की बोलावतो?

चांगल्या चिलखताचं काम वार झेलण्यापेक्षा तो घसरवण्याचं. म्हणून छातीपट फुगीर, मधोमध धार असलेला, आणि शरीरापासून थोडा सुटा. गळ्याजवळ कधीकधी एक उभी पट्टी ठोकलेली असे, म्हणजे छातीवरून वर घसरत आलेलं टोक गळ्यात न जाता बाजूला जावं.

या दृष्टीने स्त्री पात्रांच्या त्या प्रसिद्ध दोन घुमटांच्या छातीपटाकडे बघा. दोन्ही उतार हत्याराच्या टोकाला मधल्या घळीत नेतात, म्हणजे थेट छातीच्या हाडावर. खाली जाड अंगरखा आणि वर फुगीर पत्रा म्हटल्यावर स्त्री आणि पुरुष यांच्या छातीपटात वेगळं दाखवण्यासारखं फार उरतही नाही. तेवढ्याने स्त्री ओळखू येणार नाही अशी भीती वाटत असेल तर चाल, उभं राहण्याची ढब, आवाज यांवर काम करा. एक दुसरी बाजू मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: प्राचीन ग्रीकांनी आणि रोमनांनी पुरुषांचे स्नायू आणि बेंबीसुद्धा कोरलेले छातीपट वापरले. शरीर दाखवणारं चिलखत इतिहासात आहे. तुमच्या जगात ते मिरवणुकीचं, पदाचं, दिमाखाचं असेल तर खुशाल ठेवा. पण तेच घालून ती खंदकात उतरणार असेल तर नको.

शिंगांचंही तसंच. व्हायकिंगांच्या शिंगवाल्या शिरस्त्राणांचा पुरातत्त्वीय पुरावा नाही. ती प्रतिमा घट्ट रुजली ती १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटच्या रंगमंचावर कार्ल एमिल डोप्लर याने केलेल्या वेशभूषेमुळे. नॉर्वेत १९४३ मध्ये सापडलेलं ग्येर्मुंडबूचं शिरस्त्राण साधं गोल आहे, डोळ्यांभोवती चष्म्यासारखं कडं. शिंगं हवीच असतील तर जपान्यांकडे बघा. त्यांच्या शिरस्त्राणांवरचे भलेमोठे तुरे आणि शिंगं बरेचदा हलक्या लाकडाची किंवा लाख चढवलेल्या कागदाची असत. वार बसला की तुरा तुटे, मान वाचे. पोलादी शिंग म्हणजे शत्रूच्या हातात दिलेली मूठ. तुटणारं शिंग मात्र गेमसाठी पर्वणी आहे: लढाईनंतर एक शिंग गेलेला सरदार कोणाला आवडणार नाही?

काटे स्वतःच्या गळ्याकडे किंवा गालाकडे रोखलेले नाहीत ना, एवढं एकदा तपासा. हसू येईल, पण सापडतात.

पायरी ६: एका चिलखताला एकच थाप

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग काय, सगळे सारखेच करडे डबे बनवायचे? अजिबात नाही. गेममध्ये पात्र लांबून, घाईत, गर्दीत ओळखू यावं लागतं. २००७ च्या टीम फोर्ट्रेस २ मध्ये नऊही पात्रं नुसत्या काळ्या सावलीवरून ओळखता येतील अशी बेतलेली आहेत. अतिशयोक्ती ही या माध्यमाची गरज आहे.

माझा हिशेब असा: एका चिलखतात एक मोठी थाप मारा आणि बाकी सगळं इमानदारीत ठेवा. खांदे अवाढव्य हवेत? मग कंबर, सांधे, बक्कल सगळं चोख. खांदेही अवाढव्य, तलवारही दरवाजाएवढी, वर उघडं पोट, असं तिन्ही एकदम केलंत की प्रेक्षक काहीच धरून राहू शकत नाही. पात्राच्या मागून दाखवणाऱ्या (थर्ड पर्सन) कॅमेऱ्यात खेळणारा तासन्‌तास पात्राची पाठच बघतो, हेही विसरू नका. माझा तो सिंह छातीवर होता, खेळणाऱ्याला तो दिसणारच नव्हता.

आणि नखरा खऱ्या चिलखतांतही भरपूर होता. आठव्या हेन्रीच्या १५४० च्या चिलखताचं पुढे आलेलं ते पोलादी लंगोटपात्र टॉवर ऑफ लंडनमध्ये आजही लोक बोट दाखवून बघतात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तर जर्मन कारागिरांनी फुगीर, चिरलेल्या बाह्यांची फॅशन जशीच्या तशी पोलादात ठोकून काढली. मात्र त्या फुगीर बाह्यांमध्येही पट्ट्या सरकतात आणि कोपर वाकतं. नखऱ्याची जात बघून घ्या, तो सांध्यात कधी येत नाही.

पायरी ७: पोत आणि झीज

पीबीआर मटेरियलमध्ये, म्हणजे प्रकाश खऱ्यासारखा परतवणाऱ्या पृष्ठभागात, धातू एकतर धातू असतो किंवा नसतो. मेटॅलिकची (धातूपणाची) किंमत शून्य किंवा एक, मधली कुठलीतरी ठेवू नका. गंज, रंग, मळ हे धातू नाहीत, तिथे शून्य. झीज सगळ्या कडांवर सारखी फिरवणारा तयार मास्क वापरलात तर चिलखत कारखान्यातून झिजून आल्यासारखं दिसतं. हात कुठे घासतो, म्यान कुठे आपटतं, ढाल कुठे टेकते याचा विचार करून हाताने रंगवा. पट्ट्याला पाच भोकं असतील तर रोजचं एकच, आणि तेच ताणून लांबट झालेलं.

सगळं पोलाद चंदेरी नसे. काळं केलेलं, रंगवलेलं, कापडाने मढवलेलं असे. यातला माझा लाडका प्रकार ब्रिगँडीन: बाहेरून कापड किंवा मखमल, आत छोटे पत्रे, आणि वर दिसतात फक्त रिव्हेटांच्या ओळी. गेमसाठी हे सोनं आहे. कापड म्हणून मोकळेपणाने वाकवता येतं, आत पत्रे आहेत हे ओळी सांगतात, आणि एकही सांधा रिग करावा लागत नाही. बजेट तुटपुंजं असेल तर अर्ध्या सैन्याला हेच घाला.

पायरी ८: नियमांशी बोलून घ्या

रूप आणि आकडे वेगवेगळ्या टेबलांवर ठरले की घोळ होतो. डार्क सोल्स (२०११) या गेममध्ये अंगावरचं वजन क्षमतेच्या २५ टक्क्यांच्या आत असेल तर वार चुकवण्याची लोळण चपळ, ५० च्या वर गेलं की धपकन. इतिहास म्हणून हे ढोबळ आहे, पण नियम डोळ्यांना लगेच कळतो. किंगडम कम: डिलिव्हरन्स (२०१८) दुसऱ्या टोकाला: कापड, जाळी, पत्रा असे थर वेगवेगळे चढवायचे, झडप पाडली की नजर अरुंद, आणि चिलखताचा आवाज चोरी करताना घात करतो. मला दुसरी वाट जास्त आवडते, पण तिला दुप्पट मॉडेलं लागतात. थर कितपत वेगळे दिसणार हे डिझायनरला पहिल्याच आठवड्यात विचारा, शेवटच्या नव्हे.

सगळं झालं की मॉडेल अशा कोणाला तरी दाखवा ज्याला चिलखतातलं ओ की ठो कळत नाही, आणि म्हणा, "हे घालून दाखव." हवेत हात फिरवत तो पावलं चढवेल, पट्टे आवळेल, आणि जिथे थबकेल तिथे तुमची चूक आहे. गेल्या खेपेला आमच्या हिशेबनीस बाई छातीपटापर्यंत आल्या आणि हात मागे नेऊन थांबल्या. "हे पाठीवरचं बक्कल लावतं कोण?" बक्कल पुढे आणणं सोपं होतं, पण ते दिसत छान होतं. शेवटी लेखकाने सरदाराच्या तंबूत एक पोऱ्या घातला. प्रत्येक लढाईआधी तो ते बक्कल लावतो, दुसऱ्या भोकात.